त्याला सांगा, आणि तुम्हीच सांगा

‘ताई, माझा भाचा माझ्याकडे वाढतोय. तो तीन वर्षांचा असताना माझा भाऊ गेला, सात वर्षांचा असताना वहिनी गेली. दोघांनाही एचआयव्ही होता. भाच्यालाही आहे. आता तो पंधरा वर्षांचा आहे, यंदा दहावीत गेलाय. सिव्हिलच्या एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांच्या केंद्रातून, त्याच्या गोळ्या लहानपणापासून चालू आहेत. “तुझ्या अंगात रक्त कमी आहे, त्याच्या गोळ्या” असं आम्ही त्याला सांगत आलो. डबीवरचं लेबल मी खरवडून काढते. मागच्या महिन्यात त्याच्या कंपासपेटीत न घेतलेल्या गोळ्या सापडल्या. विचारलं तर म्हणाला, “शाळेत रक्ताची गोळी आठवड्यातून एकदाच देतात, ती पण सगळ्यांना. मलाच रोज कशाला?” व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाचा, रिपोर्ट वाढून आलाय. केंद्रातल्या समुपदेशक मॅडम म्हणतात, आता त्याला खरं सांगायला हवं. माझे यजमान म्हणतात, दहावी होऊ दे, आणि कळलं तर तो गावभर करेल. सासूबाई त्याचं ताट वेगळं ठेवतात. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, तिचीही काळजी वाटते. शाळेत सांगावं का? त्याचं पुढं लग्न होईल का? आणि “बाबांना कुठून झालं” असं त्याने विचारलं तर मी काय तोंडाने सांगू?’
— एक आत्या, सांगली जिल्हा

ताई,

आधी तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर देते. त्याला सांगा. दहावी होण्याची वाट बघू नका, आणि दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळायच्या आत तुम्हीच सांगा.

त्याचं ते वाक्य पुन्हा वाचा. सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये लोहाची निळी गोळी आठवड्यातून एकदा देतात, ती सगळ्या वर्गाला. त्याने ती गोळी आणि घरातली गोळी शेजारी ठेवून पाहिली आणि हिशोब लागत नाही हे ओळखलं. हे विसराळूपणाचं किंवा हट्टाचं लक्षण नाही. विचार करणारा मुलगा खोट्या कारणाला मान द्यायचं थांबवतो, तसं हे झालंय. ज्या गोळीचं कारण पटत नाही ती पंधराव्या वर्षी कोण रोज गिळेल? तुम्ही त्याला रागावला असाल, नजरेसमोर गोळी घ्यायला लावत असाल. त्याने महिनाभर फरक पडेल, पुढे पडणार नाही. दोन-तीन वर्षांत तो कॉलेजला बाहेरगावी जाईल, तेव्हा समोर बसून गोळी द्यायला तुम्ही नसाल.

त्याला काहीच माहीत नाही, असं समजू नका. इतकी वर्षं तो तुमच्याबरोबर त्या केंद्रात जातोय. तिथल्या भिंतीवर एड्सची खूण असलेली लाल फीत आहे, मराठीत पोस्टर्स आहेत, आणि त्याला वाचता येतं. दर डबीचं लेबल खरवडलेलं असतं, हेही त्याने पाहिलंय. घरात इतर कुठल्याच औषधाचं लेबल कुणी खरवडत नाही. एखादी डबी तुमच्या हातून सुटली आणि त्यावरचं ‘डोल्युटेग्रॅव्हिर’ हे औषधाचं नाव त्याने मोबाइलवर टाकलं, तर पुढचं सगळं एका क्षणात समोर येईल. तेव्हा तो एकटा असेल, आणि घरातल्या माणसांनी इतकी वर्षं आपल्यापासून लपवलं, हेही त्याला त्याच क्षणी कळेल. मला आजारापेक्षा त्या क्षणाची जास्त भीती वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. शाळकरी वयाच्या, म्हणजे सहा ते बारा वर्षांच्या मुलांना त्यांच्या आजाराबद्दल सांगावं, लहान असताना वयाला पेलेल तेवढं आणि टप्प्याटप्प्याने सांगावं, असं त्यात म्हटलंय. तुमचा भाचा ते वय ओलांडून पुढे आलाय. म्हणजे समुपदेशक मॅडम काही आगाऊपणा करत नाहीयेत.

यजमानांचं दहावीचं म्हणणं मला समजतं, पण व्हायरस बोर्डाचं वेळापत्रक पाळत नाही. गोळी कधी घेतली, कधी टाकली, असं चाललं की शरीरात औषध अपुरं राहतं. अशा अपुऱ्या औषधात वाढलेला व्हायरस त्या औषधाला दाद देईनासा होतो. मग गोळ्या बदलाव्या लागतात, आणि पुढची औषधं बहुधा जास्त गोळ्यांची, जास्त त्रासाची असतात. दिलासा देणारी गोष्ट अशी की सध्याच्या तीन औषधांच्या एकत्र गोळीतलं डोल्युटेग्रॅव्हिर बरंच चिवट आहे. गोळ्या पुन्हा रोज सुरू झाल्या की बहुतेक मुलांचा लोड खाली येतो. म्हणूनच केंद्रात आधी समुपदेशन करतात, तीन महिने नीट गोळ्या घ्यायला लावतात आणि मग पुन्हा तपासतात. हे तीन महिने कारणी लावायचे तर ते त्याला खरं कळल्यावरच लागतील.

‘गावभर करेल’ ही भीती उलटी आहे. माहीत नसलेलं मूलच डबी मित्राला दाखवतं, ‘बघ रे, ही कशाची गोळी?’ माहीत असलेलं मूल जपतं. पंधरा वर्षांच्या मुलाला लाज आणि धोका दोन्ही चांगलं कळतात.

आता कसं सांगायचं. घटक चाचणीचा आठवडा टाळा, सणवार टाळा, पाहुणे असलेला दिवस टाळा. केंद्रात मॅडमना आधी फोन करून गर्दी कमी असलेल्या दिवसाची वेळ मागा. रुग्णांच्या रांगेत उभ्या उभ्या हे बोलणं होऊ देऊ नका. त्यांच्या खोलीत, पण तुमच्या तोंडून, असं झालं तर सगळ्यात बरं. औषधांचे बारकावे त्या सांगतील, मात्र पहिलं वाक्य घरच्या माणसाचं असावं.

सुरुवात त्याला विचारून करा. ‘तुला काय वाटतं रे, ह्या गोळ्या कशाच्या?’ मग थांबा. तो गप्प बसला तरी लगेच बोलून ती जागा भरू नका. बहुतेक मुलं अर्धंमुर्धं बरोबर सांगतात. त्यानंतर आजाराचं नाव घ्या. ‘तुझ्या रक्तात एचआयव्ही नावाचा विषाणू आहे. तू जन्मल्यापासून आहे. यात तुझी काही चूक नाही. ह्या गोळीने तो झोपून राहतो. रोज घेतलीस तर तू इतरांसारखा शिकशील, कमावशील, म्हातारा होशील.’ एवढं पुरे. ‘एड्स’, ‘मृत्यू’, ‘आईवडील’ हे सगळं एकाच बैठकीत त्याच्यावर ओतू नका. आणि एक वाक्य न विसरता म्हणा: ‘आम्ही आधी खोटं सांगितलं, कारण तू लहान होतास आणि आम्हाला भीती वाटत होती. आता तुला काहीही विचार, खरंच सांगेन.’ हे वाक्य बोलायला जड जातं. त्याचा तुमच्यावरचा विश्वास मात्र त्यावरच टिकणार आहे.

वडिलांचा प्रश्न त्याच दिवशी येईल किंवा वर्षभराने, पण येईल. तुम्हाला जे माहीत नाही ते सांगू नका. तुमच्या भावाला संसर्ग कुठून झाला हे तुम्हाला खरंच माहीत आहे का? नसेल तर ‘मला ठाऊक नाही’ हेच खरं उत्तर. माहीत असेल तरी पंधराव्या वर्षी त्याला वडिलांच्या आयुष्याचा निवाडा करायला बसवू नका. ‘त्या काळात पुष्कळांना कळतच नव्हतं. कळेपर्यंत उशीर व्हायचा,’ असं सांगता येईल. आईबद्दल मात्र ठामपणे सांगा. गरोदरपणात, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून हा विषाणू बाळाकडे जाऊ शकतो, आणि कुठल्याही आईला ते नको असतं. तुमची वहिनी चार वर्षं एकटीने त्याला सांभाळत होती. त्याला दवाखान्यात नेऊन गोळ्या तिनेच सुरू केल्या असतील, तर ते त्याला जरूर सांगा. आईने आपल्याला जगवण्यासाठी काय केलं, हे कळणं मुलाला फार आधार देतं.

सांगून झाल्यावर काय होईल? कुणी रडतं, कुणी ‘बरं’ म्हणून क्रिकेट खेळायला निघून जातं, कुणी चार दिवस कुणाशीच बोलत नाही. गप्प राहिला म्हणजे पचलं असं समजू नका. खरे प्रश्न रात्री, दिवा मालवल्यावर, भलत्याच वेळी येतात. काही दिवस गोळी आणखीच टाळेल, कारण ती आता रोज त्याला आजाराची आठवण करून देईल. त्यावर आरडाओरडा नको. दोन आठवड्यांनी पुन्हा केंद्रात न्या. आणि तो ‘जगून काय उपयोग’ असं काही बोलू लागला, जेवण-झोप सोडली, तर त्याला ‘मनाचे खेळ’ म्हणू नका. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो. तिथे मराठीत बोलता येतं. केंद्रातल्या डॉक्टरांनाही लगेच कळवा.

गोळीच्या वेळेबद्दलही त्याच्याशी बोला. काही मुलांना ही गोळी रात्री घेतली की झोप लागत नाही. ती सकाळी घेतली तरी चालते, फक्त रोज साधारण तीच वेळ हवी. कुठली वेळ जमेल ते त्याला ठरवू द्या, मोबाइलचा गजर त्यालाच लावू द्या. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या उपाशीपोटी हिच्याबरोबर घेतल्या तर हिचा परिणाम कमी होतो. शाळेतल्या निळ्या गोळीच्या दिवशी काय करायचं, ते डॉक्टरांना न विसरता विचारा. तुम्ही ‘रक्ताची गोळी’ म्हणत आलात, त्यामुळे खरी रक्ताची गोळीही कुणी तिच्याबरोबरच देत असेल, अशी मला शंका आहे.

आता त्या ताटाबद्दल. तुमच्या पत्रात ते एका ओळीत आलंय, पण मला ते सगळ्यात जास्त लागलं. एचआयव्ही एका ताटात जेवल्याने पसरत नाही. उष्ट्या पाण्याने, एका पांघरुणात झोपल्याने, मिठी मारल्याने, एक संडास वापरल्याने, डास चावल्यानेही पसरत नाही. ब्लेड, वस्तरा आणि दात घासायचा ब्रश ज्याचा त्याचा असावा, आणि हे प्रत्येकच घरात असावं. जखम झाली तर तिच्यावर पट्टी बांधायची, हेही सगळ्यांसाठी. तुमच्या मुलीला त्याच्यापासून काहीही धोका नाही. तिने त्याच्याशी भांडावं, त्याच्या ताटातली भजी पळवावी.

पण ते बाजूला ठेवलेलं स्टीलचं ताट, वेगळं घासून वेगळ्या फळीवर पालथं घातलेलं, तो दिवसातून दोनदा उचलतोय. सातव्या वर्षापासून. आपण या घरात इतरांसारखे नाही, हे त्याला त्या ताटाने कधीच सांगून टाकलंय. कारण काय तेवढं सांगायचं राहिलंय. सासूबाई वाईट आहेत असं मी म्हणत नाही. त्यांनी गावात माणसं हाडांचा सापळा होऊन मरताना पाहिली आहेत, तीही अशा काळात जेव्हा डॉक्टरही हात लावायला कचरत. देशात सरकारी मोफत एआरटी सुरू झाली ती १ एप्रिल २००४ ला, तीही आठच रुग्णालयांत. तुमचा भाऊ गेला त्या सुमारास औषधं होती, पण प्रतिकारशक्तीच्या पेशी ठरावीक आकड्याखाली गेल्यावरच ती सुरू होत, आणि लोक फार उशिरा पोचत. २०१७ पासून निदान झालं की लगेच उपचार मिळतात. सासूबाईंची भीती त्या जुन्या काळातली आहे. वाद घालून ती जाणार नाही. त्यांना एकदा डॉक्टरांसमोर बसवा, मनातलं सगळं विचारू द्या. तोवर ते ताट तुम्ही स्वतः सगळ्यांच्या फळीवर, इतर ताटांच्या चळतीत ठेवायला लागा. या बाबतीत यजमानांनी तुमच्या बाजूने उभं राहायला हवं. त्यांनी त्याच्या शेजारी बसून त्याच्या ताटातला एक घास घेतला, तरी घर बदलेल.

शाळेचं उत्तर सोपं आहे. सांगू नका. सांगण्याची गरजही नाही, बंधनही नाही. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. न्यायालयाच्या आदेशाशिवाय आपला एचआयव्ही उघड करायची सक्ती कुणावर करता येत नाही, आणि त्या कारणावरून शाळेत प्रवेश नाकारणं, वर्गातून काढणं, वेगळं बसवणं बेकायदा आहे. सहलीला मुक्काम असेल तर एक गोळी साध्या पुडीत सोबत द्या, एवढंच. मुख्याध्यापक कितीही भले असले, तरी एकदा बाहेर पडलेली गोष्ट परत घेता येत नाही. लातूर जिल्ह्यातल्या हासेगावच्या ‘सेवालय’ या एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांच्या संस्थेतल्या मुलांना सुरुवातीच्या काळात गावच्या शाळेत बसू द्यायला विरोध झाला होता, हे आपल्याकडे घडून गेलंय. कधी कुणी त्रास दिलाच, तर जिल्ह्याच्या एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथकाकडे जा. १०९७ या मोफत क्रमांकावरही माहिती मिळते. पुढे कुणाला सांगायचं, कधी सांगायचं, हा निर्णय त्याचा. त्याला हे स्पष्ट सांगा. त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या गोष्टीवर त्याचा ताबा आहे, हे त्याला जाणवू द्या.

लग्नाचं म्हणाल, तर होईल. रोज गोळी घेऊन व्हायरल लोड चाचणीत न सापडण्याइतका खाली आला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही. ही गोष्ट मोठमोठ्या अभ्यासांतून पक्की झाली आहे. मुलंही होतील. पुढे जोडीदाराला हा आजार असला आणि तिने वेळेवर उपचार घेतले, तरी बाळाला संसर्ग होण्याची शक्यता पाच टक्क्यांच्याही खाली आणता येते. माझ्या मते गोळी नियमित घेण्याचं याहून मोठं कारण पंधरा वर्षांच्या मुलाला देता येत नाही. त्याला आत्ताच कुणीतरी आवडत असेल, आणि ‘मला असं कुणी कधी स्वीकारेल का’ हा प्रश्न तो तुम्हाला विचारणार नाही. म्हणून त्याने विचारायची वाट न बघता सांगा. त्याच जोडीला कंडोमचं सांगा, आणि नातं तिथवर जाण्याआधी जोडीदाराला खरं सांगावं लागतं, हेही. आत्याला हे बोलायला अवघड वाटत असेल तर केंद्रातल्या एखाद्या पुरुष समुपदेशकाची मदत घ्या.

आणि त्याला त्याच्यासारखी मुलं भेटू द्या. याला पर्याय नाही. एचआयव्हीसह जगणाऱ्यांचे गट जिल्ह्याजिल्ह्यात आहेत, तुमच्या केंद्रातून त्यांचा पत्ता मिळेल. पंढरपूरची ‘पालवी’, हासेगावचं ‘सेवालय’ अशा संस्थांतून वाढलेली मुलं आज शिकून कामाला लागली आहेत, संसार करताहेत. पंचविशीतला एखादा दादा ‘मी पण हीच गोळी घेतो’ असं म्हणाला, तर तुमच्या-माझ्या दहा उपदेशांचं काम होईल.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी दोन गोष्टी विचारते. आईवडील नसलेल्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २,२५० रुपये. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात करायचा. तो अनाथ म्हणूनच पात्र आहे, तेव्हा आजाराचा उल्लेख न करताही अर्ज करता येईल. दुसरं, तुमच्या भावाची जमीन असेल तर सातबाऱ्यावर या मुलाची वारस नोंद झाली आहे का? नसेल तर आईवडिलांचे मृत्यूचे दाखले घेऊन तलाठ्याकडे जा. अशा मुलांच्या वाट्याची जमीन भाऊबंदकीत परस्पर नाहीशी झाल्याची उदाहरणं खूप आहेत, आणि त्यांच्या मालमत्तेचं रक्षण करण्याची जबाबदारी वर सांगितलेल्या २०१७ च्या कायद्याने सरकारवर टाकली आहे.

तुमच्या मुलीला सध्या काही सांगू नका. ती लहान आहे म्हणून नव्हे, तर ते सांगायचा हक्क तिच्या मामेभावाचा आहे म्हणून. ‘दादा कसल्या गोळ्या घेतो?’ असं तिने विचारलंच, तर ‘त्याला एक औषध रोज लागतं, बाकी तो सांगेल तेव्हा’ एवढं म्हणा. तेही खोटं नाही. केंद्रात जायची पुढची तारीख जवळ आली असेल, तर मॅडमना फोन उद्याच करा.